टायरवरचा शेवटचा आकडा

हिरोच्या सध्याच्या स्प्लेंडर प्लसचे दोन्ही टायर वाचून पाहा. पुढच्यावर ८०/१००-१८ ४७पी, मागच्यावर ८०/१००-१८ ५४पी. रुंदी तीच, उंची तीच, रिंग तीच. फरक फक्त शेवटच्या आकड्यात: पुढचा टायर १७५ किलो पेलायला बनवलेला आहे, मागचा २१२. हा ३७ किलोंचा फरक दुकानाच्या काउंटरवरच हरवतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘स्प्लेंडरचा टायर द्या.’ दुकानदार हाताला लागेल तो ऐंशी-शंभर-अठरा काढून देतो. तो बसतोही. आणि बसला म्हणजे बरोबर, अशी दोघांची खात्री पटते.

दुचाकीच्या टायर-ट्यूबवर छापलेल्या आकड्यांबद्दल बोलणारे बहुतेक लोक रुंदीबद्दल बोलतात. चौकातली चर्चाही रुंदीचीच असते: मागे जाड टायर टाकला की गाडी कशी भारदस्त दिसते, वळणावर कशी चिकटते. राणीसावरगावच्या बाजूला गाडी वापरणाऱ्यांना त्या रुंदीचा फायदा सगळ्यांत कमी आहे आणि ज्या आकड्याकडे कोणी पाहत नाही त्याचा सगळ्यांत जास्त.

गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या रांगांतलं, रेणुकादेवीच्या देवस्थानासाठी ओळखलं जाणारं हे गाव. आसपासच्या वाड्या-तांड्यांवर मोटारसायकल हे नुसतं माणसाचं वाहन नाही. तिच्यावरून खताच्या गोण्या जातात, दुधाचे कॅन जातात, वैरणीचा भारा जातो, फवारणीचा पंप जातो, आणि लग्नसराईत एका सीटवर तिघं-चौघं जातात. वेग मात्र चाळीस-पन्नासच्या पुढे फारसा जात नाही, कारण रस्ता जाऊ देत नाही.

हिशेब मांडून बघू. शंभर सीसीची गाडी पेट्रोलसकट साधारण ११२ किलोंची. त्यातलं निम्मं वजन मागच्या चाकावर धरा, ५६. चालवणारा ६५ किलोंचा असला तर त्याचं ढोबळमानाने दोन-तृतीयांश वजन मागे पडतं, म्हणजे ४३. मागे युरियाच्या दोन गोण्या. २०१८ पासून युरियाची गोणी ५० ऐवजी ४५ किलोंची झाली, तेव्हा ९० किलो, आणि तेही जवळजवळ थेट मागच्या आसावर. बेरीज १८९. आता हाच आकडा टायरला लावून पाहा. एचएफ डिलक्सला आणि जुन्या स्प्लेंडरला मागे २.७५-१८ ४८पी येतो. त्याची मर्यादा १८० किलो. म्हणजे दोन गोण्यांनीच तो मर्यादेबाहेर गेला. त्याच गाडीचा पुढचा टायर ४२पी, मर्यादा १५० किलो. दुकानदाराने तो मागे बसवून दिला असेल तर ओझं ३९ किलोंनी जास्त. नव्या स्प्लेंडरच्या ५४पीवर मात्र अजून २३ किलोंची जागा उरते. हे सगळं गाडी सपाट रस्त्यावर उभी असताना. खड्ड्यात चाक आपटतं त्या क्षणी टायरवर येणारा जोर यापेक्षा कितीतरी अधिक असतो.

आता हे आकडे आले कुठून ते पाहू. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतलं, पण तो चालला नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी तो पुन्हा काढला आणि मग तो जगभर गेला. सुरुवातीला टायरचं माप बाहेरून घेत. २६×३.२५ म्हणजे टायरचा बाहेरचा व्यास २६ इंच आणि जाडी सव्वातीन. पण रिंगवर टायर बसतो की नाही हे बाहेरच्या व्यासावरून कळत नाही. ते ठरतं टायरच्या कडेतली तार रिंगच्या ज्या खोबणीत बसते तिच्या व्यासावरून. म्हणून मोटारसायकलवाले हळूहळू रिंगचा व्यास लिहू लागले. तोच २६×३.२५ पुढे ३.२५-१९ झाला. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटला हाच टायर पुढे-मागे असायचा, आणि कितीतरी वर्षं राहिला. आपल्याकडे बुलेटवाल्याच्या तोंडी जो ‘सव्वातीन-एकोणीस’ ऐकू येतो, तो त्या जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मापाचा वारस.

सायकलवाले मात्र जुन्या पद्धतीलाच चिकटून राहिले आणि त्याचा त्रास आजही होतो. २६×१ ३/८ आणि २६×१.९५ हे दोन्ही टायर ‘सव्वीसचे’. पहिल्याची रिंग ५९० मिलिमीटरची, दुसऱ्याची ५५९ ची. शाळेच्या पोराची सायकल घेऊन ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हणणाऱ्याला दुकानदार उलट विचारतो, ‘साधी का गियरची?’ तो प्रश्न त्या ३१ मिलिमीटरचा असतो.

इंचाच्या पद्धतीत दोनच आकडे. पहिला टायरची जाडी, दुसरा रिंगचा व्यास. २.७५-१८ म्हणजे पावणेतीन-अठरा. बजाज चेतकचा साडेतीन-दहा, टीव्हीएस एक्सएलचा अडीच-सोळा. टायर किती उंच, हे यात कुठेच लिहिलेलं नाही. जाडीएवढीच उंची गृहीत धरायची. पहिला आकडाही अगदी काटेकोर नाही. पावणेतीन इंच म्हणजे ७० मिलिमीटर, पण योग्य रिंगवर बसवून हवा भरली की हा टायर ७५ च्या आसपास भरतो. ही पद्धत जुनी असली तरी तिच्यात एक गुण आहे: ती तोंडपाठ होते. पावणे, सव्वा, अडीच, साडे यांत वाढलेल्या माणसाला ती सांगताना कधी अडखळायला होत नाही.

मिलिमीटरच्या पद्धतीत मधे एक आकडा वाढला आणि घोळही तिथेच वाढला. ८०/१००-१८ मधला ८० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढचा १०० मिलिमीटर नव्हे. तो टक्का आहे. रुंदीच्या शंभर टक्के उंची, म्हणजे तीही ८० मिलिमीटर. पल्सर १५० ला मागे १००/९०-१७ येतो: रुंदी १००, उंची तिच्या नव्वद टक्के म्हणजे ९० मिलिमीटर. हे लक्षात न घेता ‘शंभर-नव्वद’पेक्षा ‘ऐंशी-शंभर’ला मोठा समजणारे लोक आहेत, कारण त्यात शंभर शेवटी येतो. टायरची एकूण उंची काढायची तर रिंगच्या इंचांना २५.४ ने गुणायचं आणि दोन्ही बाजूंची उंची मिळवायची. अठराची रिंग ४५७ मिलिमीटर, त्यात ८० आणि ८०, झाले ६१७.

गंमत अशी की रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यात आणि रिंग अजून इंचातच. ती इंचातून काढायचा प्रयत्न झाला होता. १९७५ मध्ये मिशेलिन या फ्रेंच कंपनीने मोटारींसाठी टीआरएक्स नावाचे टायर आणले. त्यांची रिंग मिलिमीटरमध्ये मोजलेली, ३९० वगैरे. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट काढण्यासारखं फार काही नव्हतं. पण त्या रिंगवर दुसरा टायर बसत नाही आणि त्या टायरला दुसरी रिंग चालत नाही म्हटल्यावर ते माप टिकलं नाही. माप चांगलं की वाईट यापेक्षा गावोगावच्या दुकानात काय मिळतं, यावर मापांचं आयुष्य ठरतं. आपल्याकडे २.७५-१८ अजून जिवंत आहे तो याचमुळे.

तिसरी एक अक्षरांची पद्धत आहे, हार्ली डेव्हिडसनसारख्या अमेरिकी गाड्यांवर दिसणारी. एमटी९०-१६ म्हणजे साधारण १३०/९०-१६. आपल्या तालुक्यात तिचा उपयोग शून्य, म्हणून पुढे जाऊ.

आकड्यांमधल्या आडव्या रेघेकडे मात्र बघा. ती नुसती रेघ नाही. आतल्या नायलॉनच्या दोऱ्या तिरप्या, एकमेकींना छेदून घातल्या आहेत, असं ती सांगते. रेघेऐवजी ‘आर’ असेल तर तो रेडियल, ‘बी’ असेल तर तिरप्या दोऱ्यांवर पट्टा घातलेला. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या रेघेवरच चालतात. पुढे ‘एम/सी’ असं लिहिलं असेल तर हा टायर मोटारसायकलच्याच रिंगसाठी आहे, तेवढ्याच व्यासाच्या मोटारीच्या रिंगसाठी नाही, असा त्याचा अर्थ.

आता त्या ‘एक नंबर मोठा टाका’ प्रकाराकडे. पावणेतीन-अठराच्या जागी तीन-अठरा बसवणं हा गावातला सर्वांत लोकप्रिय बदल. कागदावर बघितलं तर टायरची उंची ५९७ वरून ६१० मिलिमीटर होते, म्हणजे जेमतेम दोन टक्के. चाकाच्या दर फेऱ्याला गाडी चार सेंटिमीटर जास्त पुढे जाते. ओढ किंचित कमी होते. चढाला, भरलेल्या गाडीला ते जाणवतं. स्पीडोमीटर मात्र बदलत नाही, कारण शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांत त्याची केबल पुढच्या चाकातून येते. मागचा टायर बदलला तरी काट्यावरचे किलोमीटर पुढच्या चाकाचेच राहतात. तरी हा बदल फार जोखमीचा नाही. त्यानंतर जे येतं ते जोखमीचं: त्याच रिंगवर ९०/९० किंवा थेट १००/९०.

कारण रिंगला रुंदीही असते, आणि ती तिच्यावर कोरलेली असते: १.६०, १.८५, २.१५. शंभर सीसीच्या गाड्यांची रिंग पहिल्या दोन मापांतली. पावणेतीनचा टायर त्यांच्यासाठीच आहे. १००/९० ला निदान २.१५ ची रिंग लागते. अरुंद रिंगवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. रस्त्याला टेकते ती मधली अरुंद पट्टीच, म्हणजे ज्या पकडीसाठी पैसे टाकले तीच कमी झाली. वर ओझं टाकलं की बाजू डुलतात, गाडी मागून हलल्यासारखी वाटते, आणि चेन कव्हरला टायर घासतो. दुकानदार म्हणतो, ‘घासून घासून जागा करून घेतो तो.’ जागा होते, पण टायरची बाजू सोलली जाऊन.

आपल्या भागात याहून मोठी अडचण पावसाळ्यात येते. काळ्या रानातला चिखल रबराला चिकटतो तसा दुसऱ्या कशाला चिकटत नाही. पेरणीच्या दिवसांत शेतातून निघालेली गाडी दोनशे पावलांत थांबते, कारण टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल दाबून बसतो आणि चाक फिरायचंच बंद होतं. मग काडीने, पान्याने, हाताने तो काढायचा. काही जण जूनमध्येच पुढचं मडगार्ड काढून ठेवतात. टायर आणि मडगार्ड यांच्यातली जी मोकळी जागा कंपनीने ठेवलेली असते, तीच रुंद टायर खातो. ज्याला रोज शेतात गाडी घालायची आहे त्याच्यासाठी बारीक टायर हा दोष नाही, सोय आहे. तो चिखल कापत खाली घट्ट जमिनीपर्यंत जातो. रुंद टायर वरच तरंगतो आणि गोळा करत बसतो. मागे बटणाचा टायर टाकायचा तर जरूर टाकावा, पण मापात.

रिंगच्या व्यासात मात्र कुठलीच तडजोड नाही. सतराचा टायर अठराच्या रिंगवर चढत नाही, अठराचा सतरावर घट्ट बसत नाही. टायरमध्ये ही चूक होतच नाही, म्हणून तिची भीती नाही. ती होते ट्यूबमध्ये, आणि त्याकडे येऊच.

त्याआधी शेवटचे दोन: आकडा आणि अक्षर. ४७पी मधला ४७ म्हणजे ४७ किलो नव्हेत. तो एका जागतिक तक्त्यातला क्रमांक आहे. ४१ म्हणजे १४५ किलो, ४२ म्हणजे १५०, ४७ म्हणजे १७५, ४८ म्हणजे १८०, ५० म्हणजे १९०, ५३ म्हणजे २०६ आणि ५४ म्हणजे २१२. प्लॅटिना १०० च्या मागच्या ३.००-१७ वर ५०पी असतं, म्हणजे १९० किलो. ॲक्टिवाच्या मागच्या ९०/१००-१० वर ५३जे, म्हणजे २०६ किलो. त्या इवल्याशा दहा इंची चाकाचा टायर प्लॅटिनाच्या सतरा इंचीपेक्षा जास्त वजन पेलतो, हे बघून पहिल्यांदा कोणालाही आश्चर्य वाटतं. पण ओझं पेलतं ते मुख्यतः आतल्या हवेचं प्रमाण, दाब आणि दोऱ्यांची ताकद. चाकाचा आकार खड्ड्यावरून जाण्यासाठी कामाला येतो, ओझं उचलायला तितका नाही.

अक्षर वेगाचं. जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर, एल १२०, पी १५०, एस १८०, एच २१०. शंभर सीसीची गाडी जेमतेम नव्वदपर्यंत जाते आणि तिला पी म्हणजे दीडशेचा टायर मिळतो. तेव्हा आपल्याकडे या अक्षरावर डोकं घालवण्याची गरज नाही. दुकानातली ‘हा रेसिंगचा आहे’ ही जाहिरात या अक्षरावर असते. तिचे जास्तीचे पैसे देणं म्हणजे न वापरायच्या वेगाचं भाडं भरणं. तेच पैसे ४७ ऐवजी ५४ साठी द्यावेत.

जुन्या टायरवर ४पीआर, ६पीआर असंही असतं. एकेकाळी आत सुती कापडाचे खरोखर चार किंवा सहा थर घालत, त्याची ही मोजणी. पुढे नायलॉन आलं आणि दोन थरांतच सहा थरांची ताकद येऊ लागली. आकडा मात्र ताकदीचं माप म्हणून राहिला. मेकॅनिक ‘सहा प्लायचा’ म्हणतो तेव्हा आत सहा थर आहेत असं समजू नका, पण त्याचा सल्ला ऐका: २.७५-१८ मध्ये ४पीआर म्हणजे ४२पी आणि ६पीआर म्हणजे ४८पी. हाच फरक मिलिमीटरच्या टायरवर कधी ‘आरईआयएनएफ’ अशा अक्षरांनी लिहिलेला असतो, म्हणजे मजबूत केलेला.

आणि हे सगळे किलो पूर्ण हवा असेल तरच. टायरच्या बाजूवर किती ओझ्याला किती दाब हे बारीक अक्षरात असतं. गाडीच्या चेन कव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर कंपनीची पट्टी असते, त्यात एकटा असताना किती आणि मागे माणूस असताना किती, असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा आपल्याकडे कोणी पाळत नाही. हवा मारणारा अंगठ्याने दाबून बघतो. ओझं टाकायच्या दिवशीही अंगठ्याचंच प्रमाण.

आता ट्यूब. टायरएवढी तिची चर्चा होत नाही, पण त्रासाचं मूळ बऱ्याचदा तीच. ट्यूबवर माप असतं ते एका टायरचं नसतं, टप्प्याचं असतं: २.७५/३.००-१८, म्हणजे पावणेतीन आणि तीन दोन्हींना चालेल. रबर ताणतं, म्हणून हे जमतं. पण ताणण्यालाही हद्द असते. अडीचची ट्यूब तीनच्या टायरमध्ये फुगवली तर तिची भिंत पातळ होते; काटा सहज शिरतो आणि शिरल्यावर भोक न पडता चीर जाते. उलट मोठी ट्यूब लहान टायरमध्ये कोंबली तर तिला आत घडी पडते. त्या घडीवर रबर रबराला घासत राहतं, आणि काही महिन्यांनी अशा जागी पंक्चर होतं जिथे टायरमध्ये ना काटा ना खिळा. पंक्चरवाला टायर आतून हात फिरवून बघतो, काहीच सापडत नाही, आणि ‘उन्हाने गेली’ म्हणून मोकळा होतो. अठराची ट्यूब सतराच्या टायरमध्ये टाकल्यावर हेच होतं. गावात सतराची संपली असेल तर असं सर्रास होतं, आणि ही चूक टायर बसल्यावर बाहेरून कळत नाही.

वालचंही माप असतं. मोटारसायकलच्या ट्यूबला बहुधा टीआर ४, धातूचा सरळ वाल. स्कूटरच्या ट्यूबला टीआर ८७, काटकोनात वाकवलेला, कारण दहा इंची रिंगमध्ये ड्रमच्या अडथळ्यामुळे सरळ वालला पंपाचं तोंड पोचत नाही. आतली पिन मात्र सगळ्यांची एकच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्ट श्रेडर यांच्या अमेरिकी कंपनीने काढलेली रचना आज मोटारसायकलपासून ट्रकपर्यंत चालते. वालच्या बुडाशी रिंगला घट्ट पिळलेली नट हा आपल्याकडचा आवडता गैरसमज. हवा कमी असताना ओझ्याने टायर रिंगवर किंचित सरकतो आणि ट्यूबला सोबत नेतो. नट ढिली असेल तर वाल तिरका होतो आणि डोळ्याला दिसतो. नट आवळलेली असेल तर वाल जागचा हलत नाही आणि बुडाशी फाटतो. तो फाटला की ठिगळ लागत नाही, नवी ट्यूबच.

रबरही दोन प्रकारचं. चांगली ट्यूब ब्युटाइलची. हे कृत्रिम रबर १९३७ मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत निघालं. नैसर्गिक रबरापेक्षा त्यातून हवा कितीतरी कमी झिरपते. नैसर्गिक रबराची स्वस्त ट्यूब अधिक ताणते, ठिगळही तिला चटकन धरतं, पण आठवड्याला हवा मागते. ज्याच्या वाटेत पंप आहे त्याला ती परवडेल. आडवळणाच्या तांड्यावर राहणाऱ्याने ब्युटाइलच घ्यावी.

नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब ही काटकसर महागात पडते. जुनी ट्यूब जुन्या टायरमध्ये ताणून राहिलेली असते. नव्या, आतून लहान टायरमध्ये ती जास्तीची लांबी घडीच्या रूपाने उतरते. रिंगवरची रबरी पट्टी तपासायची वेळही हीच. तारांची टोकं त्या पट्टीखाली असतात, आणि ती पट्टी सरकली किंवा कुजली की तारेचं टोक आतून ट्यूबला टोचतं. ट्यूब बसवताना आत शंखजिऱ्याची पूड टाकणारा पंक्चरवाला दिसला तर तो आपलं काम जाणतो असं समजावं. पूड असली की ट्यूब टायरला चिकटत नाही, फुगताना सरकून आपली जागा घेते.

ट्यूबलेस आल्यावर हे सगळं संपलं असं वाटलं होतं. संपलं नाही, जागा बदलली. त्यात हवा धरायचं काम रिंग आणि टायर मिळून करतात, म्हणून रिंगच्या आतल्या काठाला एक उंचवटा लागतो आणि तारांची भोकं चालत नाहीत. त्यासाठी मॅकव्हील. तिच्या मापावर ‘एमटी’ ही अक्षरं असतात. फायदा आपल्या भागात मोठा आहे. बाभळीचा, वेड्या बाभळीचा काटा शिरला तरी तो काढेपर्यंत हवा हळूहळू जाते. दोरी घातली की काम झालं, चाक काढायला नको. तोटाही आपल्याच भागात मोठा. खड्ड्यात रिंगचा काठ वाकला किंवा तडकला की हवा धरत नाही. तारांची रिंग पाना घेऊन बसलं तर सरळ करता येते, मॅकव्हीलला ती सोय नाही. मग वाकलेल्या मॅकव्हीलवरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकून गाडी चालवली जाते. तात्पुरतं ते चालतं. पण ट्यूबलेसच्या वालचं भोक मोठं असतं, ट्यूबचा वाल त्यात डुलतो. आणि टायरच्या आतला थर ट्यूबसाठी गुळगुळीत केलेला नसतो, ट्यूब त्यावर घासून तापते. एचएफ डिलक्समध्ये आणि स्वस्त गाड्यांत तारा आणि ट्यूब अजून टिकून आहेत, ते केवळ किमतीमुळे नाही.

टायरच्या बाजूवर आणखी काही खुणा असतात. आयएसआय मार्क: २००९ च्या सरकारी आदेशाने टायर-ट्यूबना तो सक्तीचा झाला, दुचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७ आणि ट्यूबसाठी आयएस १३०९८. चार आकड्यांची तारीख: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर याच चार आकड्यांत स्वस्ताईचं कारण सांगतो. उन्हात दुकानाबाहेर टांगलेला टायर तर वापरल्याशिवायही कडक होतो. खोबणीत मधून मधून येणारे छोटे उंचवटे: टायर झिजून त्यांच्याशी सपाट झाला म्हणजे ०.८ मिलिमीटर उरलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९४ प्रमाणे दुचाकीला त्याखाली चालत नाही. नियम ९५ मापाबद्दल आहे. माप आणि प्लाय कंपनीने ठरवलं तेच, असं तो म्हणतो. गंगाखेडच्या बाजारात टायरची मापं तपासणारं कोणी दिसत नाही. तो नियम लक्षात येतो तो अपघातानंतर, विम्याच्या वेळी.

टायरवरचे आकडे बैलगाडीलाही लागू आहेत, हे जाता जाता. ऊसतोडीच्या टायरगाडीसाठी खास बनवलेल्या टायरवर ‘एडीव्ही’ लिहिलेलं असतं, म्हणजे जनावराने ओढायच्या गाडीसाठी. त्याचं ओझं जास्त आणि वेग बैलाचा. मोटारीतून किंवा ट्रकमधून उतरवलेला टायर तिथे लावला तर चालतो, पण उलटं कधीच करू नये.

शेवटचा प्रश्न व्यवहाराचा. जुन्या चेतकला एक स्टेपनी असायची. दोन्ही चाकं साडेतीन-दहा, रिंगचे दोन भाग नटांनी जोडलेले. नट काढले की स्टेपनी पुढेही लागे आणि मागेही. मोटारसायकलला ती सोय कधीच नव्हती, म्हणून लांबचा फेरा असेल तर डिकीत किंवा सीटखाली एक ट्यूब ठेवायची. कोणती? जुन्या स्प्लेंडरला आणि एचएफ डिलक्सला प्रश्न नाही, दोन्ही चाकं पावणेतीन-अठरा. प्लॅटिना १०० ला पुढे २.७५-१७, मागे ३.००-१७, २.७५/३.००-१७ ची एकच ट्यूब दोन्हीकडे चालते. ट्यूब टाकून चालवलेल्या पल्सरला पुढे ८०/१०० आणि मागे १००/९०; इथे एकात भागत नाही. नव्या ॲक्टिवाला पुढे बारा आणि मागे दहा, पण ती ट्यूबलेस, तिला दोरीचा संच पुरतो. मातीच्या वाटांवर शर्यती करणारे लोक एक युक्ती वापरतात: त्यांच्या गाड्यांना पुढे २१ आणि मागे १८ ची रिंग असते, ते बरोबर फक्त एकवीसची ट्यूब घेतात आणि अडचणीच्या वेळी तीच मागच्या अठरात दुमडून घालतात. घरापर्यंत ती पोचवते. ट्यूबवर चालणाऱ्या पल्सरवाल्याने पुढच्या ऐंशीची ट्यूब बरोबर ठेवावी. पंक्चर मागे झालं तर ती ताणून बसेल, हळू चालवत ओझं न टाकता राणीसावरगावहून गंगाखेड गाठता येईल, आणि तिथे मात्र ती काढून मापाची घालायची.